गोणपाटावरचे शंभर दाणे

रोहिण्या लागल्या की माझ्या घरात एक वास शिरतो. ओल्या गोणपाटाचा. मातीच्या वासावर लिहिणारे पुष्कळ आहेत, तो वास त्यांना लखलाभ. माझ्या वाट्याला हा आला आहे. जरा कुबट, जरा गोडसर, धुऊन नीट न वाळलेल्या पोत्याचा. मागच्या पडवीत रांजणाच्या सावलीला गोणपाटाची वळकटी ठेवलेली असते. तिच्यात सोयाबीनचे शंभर दाणे, दहा-दहाच्या दहा ओळींत मांडलेले. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, सातव्या दिवशी वळकटी उलगडायची आणि किती दाण्यांना मोड आले ते मोजायचं. सत्तरच्या वर निघाले तर बी पेरायचं. कमी निघाले तर ते बाजारात घालायचं आणि दुसरं शोधायचं. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

हे सहा दिवस मला घर पुरत नाही. बाहेर गेले तर ऊन अंगावर येतं, आत आले तर तो वास. भाकरी थापते तेव्हा पाठ पडवीकडे असते आणि जीव पडवीत. हे म्हणतात, "अवं, जे उगवायचं ते उगवन. तू कायले येरझाऱ्या घालून राह्यली?" मी कायले येरझाऱ्या घालते ते त्यांना पक्कं माहीत आहे. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेला माणूस असले प्रश्न उत्तरासाठी विचारत नाही.

त्या हंगामाला चौदा वर्षं झाली. पण दर रोहिण्यांना तो पुन्हा आमच्या पडवीत येऊन बसतो आणि मी त्याला पाणी शिंपडते.

आमचं गाव दिग्रसपासून एसटीने तासाभरावर. नाल्याच्या अलीकडे गाव, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. तांड्यावरून सडकेला जायची पायवाट आमच्या अंगणासमोरून जाते, त्यामुळे तांड्यावरचं कोण बाजाराला निघालं, कोणाचं पोर आजारी आहे, हे सगळं आम्हाला ओट्यावर बसून कळतं. या वाटेनेच जमनाबाई यायची. तांड्यावरचे लहानथोर तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. उंच, काटक बाई, लुगड्यावर मुलाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घातलेला. नवरा लवकर गेला. तिने एकटीने वावर केलं आणि सोयाबीनचं बी राखण्यात असा हात बसवला की नाल्याच्या दोन्ही काठांना तिच्याच बियाची पेरणी व्हायची. ती मळणी यंत्रावर करत नसे. यंत्रात दाण्याच्या सालीला तडा जातो आणि तो दिसतही नाही, असं तिचं म्हणणं. काठीने झोडपायची, सावलीत वाळवायची, तागाच्या पोत्यात भरायची आणि पोत्यावर पोतं रचू द्यायची नाही. पोतं उचलतानाही ती गड्याला म्हणायची, "हळू ठेव बापू. आत जीव हाये."

बियाचा व्यवहार सवाईचा होता. एक पायली न्यायची, सुगीला सव्वा आणून टाकायची. चिठ्ठी नाही, सही नाही. अट मात्र एक होती आणि ती प्रत्येकाला दारात उभं करून ती ऐकवायची. "घरी नेल्यावर बारदान्यावर शंभर दाणे लावून पाहा. कमी निंगले तं मले पेरायच्या आंधी सांगा, बदलून देईन. पेरल्यावर माह्या दारी येऊ नोका." एकदा मी थट्टेने म्हटलं, "याडी, इतकं कायले घोकून घेता?" तर म्हणाली, "आमचे बुढे बैलावर गोण्या लादून मुलूख फिरत. दुसऱ्याचं मीठ, दुसऱ्याचं धान्य. वाटेत भिजलं तं पाणी आलं म्हून सांगता येत नसे. ज्याच्या बैलावर गोणी, त्याचा जबाब." मग माझ्याकडे बघून हसली. "माह्या घरून निंगालं का गोणी तुमच्या बैलावर."

मी हसले होते. ते हसणं मला अजून आठवतं.

घरात मी शिकलेली सून. बारावी सायन्स, तेही दिग्रसच्या कॉलेजातून. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून डाक्टरीनच व्हाची, थोडक्यात राह्यली." किती थोडक्यात ते मी कधी सांगितलं नाही. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजायचे. त्यांनी सांगितलेला आकडा मालकसुद्धा पुन्हा तपासत नसे. त्या घरातून आलेली म्हणून इथेही मोजायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मापं, औषधाच्या फवाऱ्याचं प्रमाण, आणि दरसालचे शंभर दाणे. मला त्याचा अभिमान होता. माणसाला ज्या गोष्टीचा अभिमान असतो तिथेच त्याचा पाय घसरतो.

त्या वर्षी फाल्गुनात जमनाबाईकडून बी आणलं. चैत्र सरता सरता माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलं सुट्टीला यायची ठरली. बियाची पोती मधल्या खोलीत होती. शहरातून येणाऱ्या वहिनीला पोत्यांत कसं झोपवायचं, म्हणून मी गड्याकडून ती माळ्यावर चढवली. आमच्या माळ्यावर टिन आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वैशाखाचं ऊन आणि वर टिन, म्हणजे खाली काय होतं हे सांगायला बारावी सायन्स लागत नाही. पाहुणे आठ दिवसांनी गेले. पोती उतरवायची राहिली. आज उतरवू, उद्या उतरवू करत दीड महिना ती वर भाजली.

मग दाणे लावायची वेळ आली. एक पोतं खाली घेतलं, वरून मूठभर काढून शंभर मोजले, गोणपाट भिजवून वळकटी केली. दुसऱ्या दिवशी चुलत बहिणीच्या लग्नाला दिग्रसला गेले. सासूबाईंना पाणी शिंपडायला सांगायचं विसरले. तीन दिवसांनी आले तेव्हा वळकटी वाळून कडक झाली होती. घाईघाईने पाणी मारलं, आणखी दोन दिवस वाट पाहिली आणि उलगडली.

एकतीस.

दोनदा मोजले. दहा ओळींत कुठे चार, कुठे दोन, एका ओळीत तर एकही नाही. बाकीचे फुगून मऊ झालेले, बोटाने दाबले की आतून पांढरट पाणी यायचं. मी तिथेच बसून स्वतःची समजूत घातली. बी खराब नाही, आपण पाणी घातलं नाही म्हणून असं झालं. जमनाबाईचं बी कधी खराब असतं का? माळ्याचं नाव मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं, आणि मी त्याला उभं राहू दिलं नाही. पुन्हा दाणे लावायला वेळ होता. पण पुन्हा लावायचे म्हणजे का लावले ते सांगावं लागणार, लग्नाच्या गडबडीत विसरले हे सासूबाईंसमोर कबूल करावं लागणार. तेवढ्यात अंगणातून ह्यांचा आवाज आला. ओट्यावर गावातली चार माणसं बसली होती.

"अवं, किती निंगले?"

"ब्याऐंशी."

मी आकडा ठरवला नव्हता, तो तोंडातून आला. पण आला तो मोठा हुशार. ऐंशी म्हटलं असतं तर अंदाज वाटला असता. ब्याऐंशी म्हणजे कोणीतरी खरंच बसून मोजलेले वाटतात. ओट्यावरचं एक माणूस म्हणालं, "मंग काय, जमनाबाईचं बी हाये." एकतीस मोड आलेले दाणे मी ढोरांच्या कुटारात टाकले आणि गोणपाट धुऊन वाळत घातलं.

मृग बरा बरसला. पेरणी झाली. पेरणीनंतरचे पाच-सहा दिवस शेतकऱ्याच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. सकाळी उठून प्रत्येक जण धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाऊन येतो आणि काही न बोलता चहा पितो. सातव्या दिवशी शेजारच्या वावरात हिरव्या रेघा दिसायला लागल्या. आमच्या वावरात नाही. आठव्या दिवशी नाही. नवव्या दिवशी हे तिफणीच्या तासात उकिडवे बसून बोटांनी माती उकरत होते आणि मी मागे उभी होते. काळ्या चिखलातून एकेक दाणा वर यायचा, सडलेला, घाण वास मारणारा. हे उकरत पुढे सरकत होते आणि मी त्यांच्या पाठोपाठ सरकत होते. चपलांना चिखल चिकटून पाय दोन-दोन किलोचे झाले होते. तिथून पळता आलं असतं तरी त्या मातीने पळू दिलं नसतं.

"शंभरात ब्याऐंशी निंगले होते ना वं?"

"हो."

ह्यांनी मान वर केली आणि तासाकडे पाहत सावकाश म्हणाले, "मंग वर चांगलं टाकलं तिनं, अन् तळाले जुनं भरलं."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी समजत होते की माझं खोटं माझ्यापुरतं आहे, एका आकड्याचं. पण मी एकतीस म्हटलं असतं तर बी फक्त वाईट ठरलं असतं. वाईट बी कोणाचंही निघतं, त्याने कोणाची अब्रू जात नाही. मी ब्याऐंशी म्हटलं म्हणून एकच अर्थ उरला, बाईने लबाडी केली. माझ्या आकड्याने जमनाबाईला चोर केलं.

दोन दिवसांत ते गावभर झालं. हे पारावर बोलले, आणि हे बोलले की गाव ऐकतं. मग ज्याने खोल पेरलं होतं, ज्याने ओल नसताना घाई केली होती, ज्याच्या वावरात पाखरांनी दाणे टिपले होते, त्या सगळ्यांना आपापल्या विरळ उगवणीचं कारण मिळालं. वर चांगलं, तळाले जुनं. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली. अंगणाला तोंड नसतं, म्हणून ते बापडं ऐकून घेतं. आमच्या अंगणाला तोंड होतं आणि ते नाल्यापलीकडे राहत होतं.

त्या दिवसांत मी घरात कशी राहिले ते मलाच माहीत. रोज तिन्हीत्रिकाळ त्याच माळ्याखाली वावरायचं, वर टिनावर पाऊस वाजायचा. अंगणासमोरून तांड्याच्या बायका जाताना दिसल्या की मी आत सरायची. पाणी भरायला उशिरा जायची, म्हणजे कोणी भेटू नये. आणि आत बसून एकेकाला दोष देत राहायची. भावाला दिला, तो त्याच वर्षी का आला. वहिनीला दिला, तिला वेगळी खोली का लागते. गड्याला दिला, पोती त्याने का नाही उतरवली. सासूबाई घरात होत्या, त्यांना वळकटी दिसली नाही का. ह्यांना तर रोज दिला, चार माणसांत विचारायची काय गरज होती, आत येऊन विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. सांगितलं असतं का? इथे येऊन माझी गाडी अडायची, मग पुन्हा भावापासून सुरुवात. दोष द्यायला माणसं कमी पडत नव्हती. तरी प्रत्येक वेळी फिरून मी त्याच पडवीत, त्याच वाळलेल्या वळकटीपाशी यायची.

एका दुपारी ह्यांना सांगितलं. जेवायला वाढताना, एका दमात. एकतीस, माळा, लग्न, सगळं. ह्यांनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, "मी पारावर बोलून बसलो. आता सांगून काय फायदा? बी काय उगवून येते? चूप राह्य." आणि जेवायला लागले. मला वाटलं होतं, सांगितलं की दार उघडेल. झालं उलटंच. आता त्या खोट्याच्या आत आम्ही दोघं होतो आणि आतून कडी ह्यांनी लावली होती.

दोन दिवसांनी जमनाबाई आली. ती आमच्या अंगणात बसायला येत नसे, उभ्या उभ्या बोलून जायची. त्या दिवशी ओट्याखाली फतकल मारून बसली. काखेत गोणपाटाची वळकटी होती.

"रामराम भाऊ," ती ह्यांना म्हणाली. "तुमाले देल्लं त्याच ढिगातलं हाये. दरसाल ज्याले देते त्याचं मूठभर मांग ठेवत असते. पाहून घ्या."

तिने वळकटी उलगडली. बोटभर लांब मोड, गच्च, पांढरेशुभ्र. एखाद-दुसरी जागाच रिकामी. हे उभेच होते. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "हे तं वरचंच असन," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

जमनाबाई माझ्याकडे वळली. "सूनबाई, तुमी दाणे कुठले घेतले होते? वरचे का तळचे?"

"वरचे," मी म्हणाले.

ते खरं होतं, आणि त्याहून मोठं खोटं मी आजवर बोललेले नाही. ती माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली. रागाने नाही, एखादं ढोर खात का नाही ते पाहतात तसं. मग तिने ती वळकटी पुन्हा गुंडाळली, सावकाश, एकही मोड तुटू न देता, जणू ते दाणे अजून कोणी पेरणार होतं. "बरं," म्हणाली आणि पायवाटेने निघून गेली.

आता मध्येच आजची एक गोष्ट सांगते. मुलगा लोहाऱ्याला असतो, यवतमाळच्या एमआयडीसीत. मागच्या रविवारी त्याचा फोन आला. त्याच्या हातून गेलेला माल परत आला म्हणे. आधीच्या पाळीच्या पोरांनी मशीन चुकीचं लावून ठेवलं होतं, सुपरवायझर तसलाच आहे, कच्चा माल हलका आहे. मी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सुरू करायच्या आंधी तू पाह्यलं होतं काय?" तो वैतागून म्हणाला, "आई, तुहं ब्याऐंशी मधात आणू नोको ना." फोन ठेवून मी हसले, पण नंतर हात धुताना वाटलं, बिचाऱ्याला आता त्या प्रश्नासोबत दिवस काढायचे आहेत. मी त्याला याहून दुसरं काही देऊ शकत नव्हते.

तर त्या वर्षीच्या आर्द्रा. सासूबाईंच्या गुडघ्याचं औषध आणायला मी दिग्रसला गेले होते. परतीच्या दुपारच्या गाडीत एकच जागा रिकामी होती, जमनाबाईशेजारची. उभी राहिले असते तर तेही दिसलं असतं. बसले. निम्मा रस्ता आम्ही दोघी खिडकीबाहेर पाहत होतो. गावाच्या अलीकडच्या पुलापाशी गाडी थांबली. पुलावरून गढूळ पाणी चाललं होतं. कंडक्टरने दार ओढून घेतलं. "कोणी उतरू नोका. पाणी उतरल्याशिवाय गाडी निंगत नाई."

खिडक्या बंद, काचांवर वाफ, ओल्या कपड्यांचा आणि तंबाखूचा वास. बाहेर चारी बाजूंनी पाणी. गाडीत सगळी ओळखीची, अर्धी गावातली, अर्धी तांड्यावरची. अर्धा तास गेला असेल. जमनाबाई समोर पाहत म्हणाली, "औंदा बी ठेवत नाई मी."

"काहून?" मी विचारलं. मला विचारायचा काय अधिकार होता?

"लोकाले माह्या हातचं नोको असन तं कायले ठेवू? सारं बाजारात टाकून देईन." मग जरा थांबून, "चाळीस वर्सं झाली. चांगलं जमत होतं." एवढंच म्हणाली. आवाजात रडं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून त्याचं काम काढून घेतलं की तो कसा बसतो, तशी बसली होती. तिने पिशवीतून कागदाची पुडी काढली, उलगडून माझ्यापुढे धरली. फुटाणे होते. "खा. गाडीले येळ हाये."

माझा हात पुडीकडे गेला आणि मागून आमच्या गावचा एक जण मोठ्याने म्हणाला, "वहिनी, वरवरचे घ्या बरं. तळाले काय निंगन, भरोसा नाई!"

गाडी हसली. तांड्यावरच्या बायकाही क्षणभर हसल्या, मग गप्प झाल्या. जमनाबाईचा पुडी धरलेला हात जागचा हलला नाही. तो हात माझ्यासमोर होता, नखांत माती, बोटाला चिंधी बांधलेली. दार बंद होतं. बाहेर पाणी होतं. मला तोंड लपवायला तिच्या खांद्याखेरीज जागा नव्हती.

"एकतीस," मी म्हणाले.

"काय?"

मी उभी राहिले. वरचा दांडा धरला. "एकतीसच निंगले होते शंभरातून. ब्याऐंशी मी खोटं सांगतलं. बी याडीचं चांगलं होतं. मी खराब केलं. याच्यात आमच्या ह्यांचाही दोष नाई अन् याडीचाही नाई. माहा हाये."

इंजिन बंद होतं, छतावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. मी बसले. वाटलं, आता ती काय म्हणेल. शिवी देईल, मिठी मारेल, रडेल. जमनाबाईने पुडी मांडीवर ठेवली.

"पोते कुठं ठेवले होते?"

"माळ्यावर."

"टिनाखाली?"

"हो."

"कितीक दिवस?"

"दीड महिना."

तिने जीभ टाळ्याला लावून च्च् केलं. "मेलं असन मंग," म्हणाली. तिचे डोळे भरले ते तेव्हा. माझ्यासाठी नाही आणि स्वतःसाठीही नाही. दीड महिना टिनाखाली भाजलेल्या त्या बियासाठी. मला ते पाहवलं नाही. माफ करा म्हणायचं होतं, पण ते शब्द त्या ठिकाणी फार स्वस्त वाटले. पाणी उतरेपर्यंत आम्ही दोघींनी फुटाणे खाल्ले.

खरं बोललं की मोकळं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. हे पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "मी चूप राह्य म्हणलं होतं," एवढं एकच वाक्य अधूनमधून म्हणायचे, तेही भिंतीकडे पाहून. वावरात उशिरा तूर टोबली, ती जशी यायची तशी आली. पण गावाचं तोंड कोण धरणार? मी ब्याऐंशीवाली वहिनी झाले. दुकानात पाव किलो साखर मागितली तर दुकानदार विचारायचा, "मोजून देऊ का तुमीच सांगता?" लहान पोरं लपंडाव खेळताना ऐंशी, एक्क्याऐंशी म्हणून थांबायची, माझ्या दाराकडे पाहून पुढचा आकडा ओरडायची आणि पळायची. ती आता मोठी झाली आहेत. आताच्या पोरांना ही गंमत कुठून आली ते माहीत नाही, पण ती थांबतात तिथेच. मी त्या आकड्याच्या आत राहते. घर आहे म्हणायचं.

जमनाबाईने मात्र त्या सालीही बी ठेवलं. आणि फाल्गुनात हे, माझा नवरा, स्वतः पायवाटेने तांड्यावर गेले. माफी मागायला जमलं नाही त्यांना, अजूनही जमत नाही. दारात उभे राहून म्हणाले, "याडी, औंदा बी देतं काय?" त्या आधी ते तिला जमनाबाई म्हणायचे. तिने बी दिलं आणि अट बदलली. म्हणाली, दाणे आता घरोघर मोजायचे नाहीत. साऱ्यांच्या बियाचे मिळून शंभर दाणे तुमच्या पडवीत लागतील आणि माझ्यासमोर मोजले जातील. "अन् मोजायले सूनबाई बसन." गावात हसले लोक. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, म्हणाले. मला तर ती शिक्षा वाटली. दर रोहिण्यांना तांड्यावरच्या तिच्या ओट्यावर बसायचं, वळकटी उलगडायची आणि सगळ्यांसमोर मोठ्याने मोजायचं. एकापासून. एक्क्याऐंशीनंतर माझी जीभ दरवर्षी अडते. ती माझ्याकडे पाहत नाही, फक्त थांबते. मग मी म्हणते आणि पुढे जाते, कधी अठ्ठ्याऐंशीपर्यंत, कधी नव्वद, कधी ब्याण्णव. चौदा वर्षं झाली, ती शिक्षा होती की भरवसा, हे मला विचारायचं धाडस झालेलं नाही.

आज सातवा दिवस. वळकटी घेऊन नाला ओलांडून गेले. जमनाबाईला आता दिसत नाही फारसं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं ती टाळते आहे. ओट्यावर ती, मी आणि तिची नात एवढ्याच होतो. गावातली माणसं संध्याकाळी आकडा विचारायला येणार होती. बी यंदा सुगीत पावसात सापडलेलं, त्यामुळे जिवाला घोर होताच. उलगडलं आणि मोजायला लागले. ओळीमागून ओळ. सातव्या ओळीनंतर जागा रिकाम्या दिसायला लागल्या. ऐंशी. एक्क्याऐंशी. जीभ अडली, ती थांबली. मी पुढचा आकडा म्हटला आणि पुढच्या दाण्याकडे बोट नेलं.

पुढे मोड नव्हता. शेवटच्या ओळीत एकही नव्हता.

मी बोट तिथेच ठेवून बसले. मनातल्या मनात पुन्हा मोजलं. तेवढेच. संध्याकाळी माणसं येतील, विचारतील, आणि मी सांगेन, आणि गाव पोट धरून हसेल. म्हणतील, वहिनी, चौदा वर्षांत दुसरा आकडा शिकल्या नाहीत का? कोणी विश्वास ठेवणार नाही. एक दाणा इकडेतिकडे केला तर काय बिघडतं? एक्क्याऐंशी म्हणावं. त्र्याऐंशी म्हणावं. बी तर पेरण्याजोगंच आहे, कोणाचं वाईट होणार नाही. हे सगळं मनात यायला पुरता श्वासही लागला नाही. इतकी वर्षं गेली आणि ते तिथेच बसलेलं होतं, जवळ, तयार.

"किती?" जमनाबाईने विचारलं.

"ब्याऐंशी."

तिने हात पुढे केला. बोटं गोणपाटावरून फिरवली, मोडांवरून, रिकाम्या जागांवरून, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग हात मांडीवर घेतला आणि भिंतीला टेकून बसली.

"पुन्यांदा मोजा," म्हणाली.

मी पदर खोचला, गोणपाट पुन्हा सरळ केलं आणि मोठ्याने मोजायला लागले. एक.